तंबू घ्यावा तो घरातील सर्वांत अशक्ताच्या मापाने

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते, साधु-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात आणि आपल्या घरांतूनही पदयात्रेचे बेत ठरू लागतात. वाशीम जिल्ह्यातील कुटुंबांच्या ओठांवर या दिवसांत पहिले नाव येते ते मालेगाव तालुक्यातील शिरपूरचे, अंतरिक्ष पार्श्वनाथांचे. मोठ्या छ'री पालित संघात पादचारी, एकाहारी, भूमिसंथारी इत्यादी नियम पाळणाऱ्या यात्रिकांच्या मुक्कामाची चिंता संघपती वाहतात. तंबूंचे नगरच उभे राहते. परंतु अलीकडे एकेक कुटुंब आपल्या सवडीने, सामानासाठी एखादी गाडी बरोबर ठेवून, दोन दिवसांत चालत दर्शनाला जाऊ लागले आहे. अशा वेळी वाटेतील एका रात्रीचा निवारा आपला आपणच निवडावा लागतो. या निवडीत आमची जी चूक झाली ती इतरांची होऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

वऱ्हाडाला तंबू ही वस्तू अपरिचित नाही. धनगरांची पाले आपण लहानपणापासून पाहत आलो. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी ज्यांचे श्रद्धास्थान आहे त्या बंजारा समाजाचे तांडे एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत, आणि व्यापाऱ्यांचा माल त्यांच्याच भरवशावर पोहोचे. बिऱ्हाड पाठीवर घेऊन जगणाऱ्या या लोकांना निवारा कसा असावा हे अनुभवाने ठाऊक होते. आपण मात्र दुकानातील चिठ्ठी वाचून तंबू घेतो.

आमचेही तसेच झाले. घरात आम्ही सहा जण: आई, आम्ही उभयता, मुलगा, सूनबाई आणि नात. म्हणून 'सहा व्यक्तींसाठी' असे छापलेला, त्यातल्या त्यात स्वस्त तंबू आणला. उलगडून पाहण्याचेही कष्ट घेतले नाहीत. जानेवारी महिना होता. निघायला उशीर झाला, पहिल्या मुक्कामी पोहोचेपर्यंत दिवस कलला. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे म्हणून एकीकडे डबे उघडले आणि दुसरीकडे अंधूक प्रकाशात, जमीन न पाहताच, तंबू ठोकला.

त्या रात्री आई झोपली नाही. चौऱ्याऐंशी वर्षांचे वय, गुडघे धरलेले. तंबूचे दार इतके बुटके की रांगल्यावाचून बाहेर पडता येईना. आणि दारापर्यंत जायचे तर चौघांना ओलांडून जावे लागे. रात्री एकदा बाहेर जाऊन आल्यावर पुन्हा कोणाची झोपमोड नको म्हणून ती दाराशीच माळ घेऊन बसून राहिली. पहाटे मला जाग आली तेव्हा तिच्या खांद्यावरची शाल छतावरून ठिबकलेल्या पाण्याने ओली झाली होती. पाऊस तर नव्हताच. सकाळी तंबू उचलला तेव्हा तळाखाली मुंग्यांची एक अख्खी रांग चिरडलेली दिसली. आई काही बोलली नाही. त्या दिवशी तिने आयंबिल केले. पुढच्या वर्षी पदयात्रेचा विषय निघताच मात्र ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी घरीच जाप करते."

ते वाक्य मला फार लागले. कर्जाची प्रकरणे तपासण्यात माझी उमर गेली; जामिनांपैकी सर्वांत दुबळा कोण हे पाहिल्यावाचून प्रकरण पुढे सरकवायचे नाही, हा तेथील पहिला पाठ. घरच्या बाबतीत तोच विसरलो होतो. मग त्या वर्षी तंबू या विषयाचा रीतसर अभ्यास केला. त्याचे सार पुढे देत आहे.

माणसे मोजावीत, मग जागा मोजावी

तंबूवर छापलेला व्यक्तींचा आकडा म्हणजे माणसे खांद्याला खांदा लावून निजली तर मावतील ती संख्या. आमच्या तंबूची रुंदी ३०० सेंटीमीटर होती. सहा जणांत भागली तर माणशी ५० सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम वीस इंच. दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या मुनिमालाही याहून अधिक जागा लागते! स्वस्थ झोपेसाठी माणशी किमान ७५ सेंटीमीटर रुंदी आणि २०० सेंटीमीटर लांबी धरावी. सामानाची जागा वेगळी. म्हणून छापलेल्या आकड्यातून दोन वजा करावेत. सहा जणांच्या कुटुंबाने आठांचा तंबू पाहावा किंवा दोन लहान तंबू घ्यावेत.

त्यानंतर उंची. घुमटाकार लहान तंबूत मधोमधही ताठ उभे राहता येत नाही. घरात वृद्ध असतील तर मध्यभागी निदान १९० सेंटीमीटर उंची आणि किंचित वाकून बाहेर पडता येईल असे दार हवे. दारे समोरासमोर दोन असावीत. म्हणजे रात्री उठणाऱ्याला कोणाला ओलांडावे लागत नाही. दुकानात तंबू उभा करून दाखवावयास सांगावे आणि घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीने त्यात एकदा बसून, उठून, बाहेर येऊन पाहावे. आपण साडीचा पदर उलगडून पाहिल्याशिवाय साडी घेत नाही; मग तंबू तरी का घ्यावा?

पाणी वरून येते, तसे आतूनही येते

आईची शाल कशाने भिजली, याचे उत्तर सोपे आहे. चार-सहा माणसे श्वास आणि घाम यांवाटे रात्रभरात लिटरभराहून अधिक पाणी हवेत सोडतात. थंडीत छताचे कापड गार झाले की ही वाफ त्यावर थिजून ठिबकू लागते. यावर उपाय म्हणजे दुहेरी तंबू: आत श्वास घेणारे पातळ कापड व जाळी, बाहेर जलरोधक आच्छादन, आणि दोहोंच्या मध्ये हवा खेळण्यास जागा. वरच्या बाजूस झरोके असावेत आणि थंडी कितीही असो, ते पूर्ण बंद करू नयेत.

बाहेरच्या पाण्यासाठी कापडाची कसोटी मिलिमीटरमध्ये सांगतात. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला तर किती उंचीपर्यंत ते झिरपू देत नाही, त्याचा हा आकडा. बाहेरच्या आच्छादनास निदान १,५०० आणि तळास ३,००० मिलिमीटर असल्यास आपल्याकडील अवकाळी सरी निभावतात. नुसते 'वॉटरप्रूफ' या शब्दावर विसंबू नये. आकडा विचारावा, आणि शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का तेही पाहावे. हिवाळा सरताना आपल्याकडे आभाळाचा भरवसा नसतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी आणि अडते अद्याप विसरलेले नाहीत. मात्र गारा आणि विजा यांपुढे कोणताही तंबू तोकडाच. तशी चिन्हे दिसताच शाळा, मंदिर अथवा कोणाचे पक्के घर गाठावे.

जमीन आणि मेखा

आपली काळी जमीन हिवाळ्यात सुकून भेगाळते. भेगेत गेलेली मेख कशालाच धरत नाही. ओली झाली तर तीच माती लोण्यासारखी मऊ होते. मुरमाड माळावर याच्या उलट, प्लास्टिकच्या मेखा ठोकताच तुटतात. म्हणून लांब लोखंडी मेखांचा एक जोड आणि लहान हातोडा जवळ ठेवावा. ज्याचा सांगाडा मेखांवाचूनही स्वतःच्या काड्यांवर उभा राहतो असा तंबू आपल्या भागाला अधिक सोयीचा. तरीही मेखा मारायच्याच, अन्यथा वारा तो उचलून नेतो. उंच तंबूला वारा अधिक लागतो, म्हणून ताणाच्या दोऱ्या चारही बाजूंनी बांधाव्यात. सांगाड्याच्या काड्या काचतंतूच्या असतील तर स्वस्त, पण जड आणि चिरण्याचा संभव. ॲल्युमिनियमच्या हलक्या व टिकाऊ, पण महाग. गाडीतून सामान जाणार असेल तर वजनाची फिकीर नाही. फक्त एखादी काडी जादा मागून घ्यावी.

जागेसाठी मालकाची अनुमती घ्यावी. नोव्हेंबरपर्यंत सोयाबीन निघून शेत मोकळे दिसले, तरी तेथे हरभरा वा गहू पेरलेला असू शकतो. कारंजा-सोहोळसारख्या अभयारण्याच्या परिसरात वनविभागाच्या परवानगीविना मुक्काम करूच नये. तेथील काळवीट हे त्या माळाचे मूळ रहिवासी, आपण पाहुणे.

तळाखालचा जीव

तंबू विकणारा वरील बहुतेक गोष्टी सांगेल. पुढील गोष्टी आपल्या आपणच पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट वेळेची. डिसेंबरात वाशीम परिसरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. चारच्या आत मुक्कामी पोहोचले तरच उजेडात जमीन पाहणे, तंबू उभारणे आणि जेवण ही तिन्ही कामे घाई न करता होतात. हिरवे गवत, वारूळ, मुंग्यांची वाट, झाडावरील घरटी टाळावीत. मऊ पुंजणीने जागा हळुवार पुंजून मगच ताडपत्री अंथरावी. ताडपत्री तंबूच्या तळाहून चार बोटे लहान ठेवावी, म्हणजे तिच्यावर पाणी साचत नाही. पूर्वी तंबूभोवती चर खणत असत. हल्लीच्या तंबूंना तळ शिवलेलाच असल्याने त्याची गरज नाही, आणि मातीतील असंख्य जीवांची हिंसा टळते.

दुसरी गोष्ट दिव्याची. दार उघडे ठेवून पांढरा प्रखर दिवा लावला की कीटक आत झेपावतात. मंद पिवळसर दिव्याकडे ते कमी येतात. दाराची जाळी बारीक आणि चेन सुलभ सरकणारी असावी. आत शेगडी, निखारे किंवा गॅस कदापि नको. आगीची भीती तर आहेच. शिवाय बंद जागेतील जळणाचा विषारी वायू वास न येता झोपेतच प्राण घेतो.

तिसरी गोष्ट अंथरुणाची. झोपण्याच्या काही महाग पिशव्यांत बदक-हंसांची मऊ पिसे भरलेली असतात. विकत घेताना आत काय भरले आहे ते आवर्जून विचारावे. कृत्रिम तंतूंची पिशवी आपल्या हिवाळ्याला पुरेशी होते.

चौथी गोष्ट सकाळची. दवाने भिजलेला तंबू तसाच गुंडाळला तर दोन दिवसांत बुरशी धरतो. कापड जाते आणि जीवोत्पत्तीचा दोषही लागतो. सूर्योदयानंतर नवकारसीच्या ४८ मिनिटांत सर्वांचा जाप चालू असताना आच्छादन उन्हात टाकावे. पच्चक्खाण पारेपर्यंत ते बहुधा वाळलेले असते.

जमाखर्च

आता व्यापारी वाचकांचा आवडता विषय. समजा, ५,००० रुपयांचा तंबू वर्षाला चार रात्री वापरला आणि दोन वर्षांत फाटला, तर आठ रात्री मिळाल्या. रात्रीचा खर्च ६२५ रुपये. १२,००० रुपयांचा तंबू सहा वर्षे टिकला तर चोवीस रात्री. रात्रीचा खर्च ५००. भाड्याने ८०० रुपयांत मिळत असेल, तर पंधरा रात्रींहून कमी वापर असणाऱ्याने १२,००० रुपये गुंतवू नयेत. वर्षाकाठी एकच रात्र जाणाऱ्याने भाड्यानेच आणावा.

याहून चांगला मार्ग परिग्रह-परिमाणाचा आहे. तीन भावांच्या घरांत तीन तंबू धूळ खात पडण्यापेक्षा एक उत्तम तंबू सामाईक असावा. गावच्या संघाने चार-पाच तंबू घेऊन नोंदवहीवर दिले, तर ज्यांना खरेदी परवडत नाही त्यांचीही यात्रा घडेल.

आमच्यापुरते सांगायचे तर दुसरा तंबू आम्ही धाकट्या भावाबरोबर निम्म्या भागीत घेतला. दुकानात आईला घेऊन गेलो. ती आत गेली, बसली, कशाचा आधार न घेता उठली आणि दुसऱ्या दाराने बाहेर आली. विक्रेता कापडाचे गुण सांगत होता. माझे लक्ष तिच्या गुडघ्यांकडे होते.

त्या वर्षी ती आमच्याबरोबर आली. अर्धी वाट चालली, उरलेली गाडीतून. मुक्कामी पोहोचल्यावर नातीच्या हातात पुंजणी देऊन तिने स्वतः उभे राहून जमीन पाहून घेतली आणि तंबू तीन हात बाजूला घ्यायला लावला. पहिल्या जागी मुंग्यांची वाट होती. रात्री दोनदा ती उठली असे तिनेच सकाळी सांगितले. आम्हाला कोणालाच कळले नव्हते.

यंदा आपल्यापैकी जे निघणार असतील त्यांची यात्रा सुखरूप होवो. जय जिनेंद्र.