परिषदेंतील निबंधवाचन



घरांतील मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षण घेऊं लागली, म्हणजे ‘परिषदेला निबंध पाठवायचा आहे’ हें वाक्य आईबापांच्या कानांवर केव्हां ना केव्हां पडतें. हा व्यवहार आहे तरी काय, आणि त्यासाठीं पैसा व श्रम कां वेंचावे, हें आज थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

परिषद भरविणारी संस्था प्रथम आवाहन प्रसिद्ध करते. त्यांत विषय, शब्दमर्यादा व शेवटची तारीख दिलेली असते. बहुधा पूर्ण निबंधाऐवजीं आधीं दोनतीनशें शब्दांचा सारांश मागवितात. प्रश्न कोणता, साधनें कोणतीं, पद्धति कोणती आणि निष्पन्न काय झालें, या चार गोष्टी त्यांत स्पष्ट याव्या. ‘अमुक राजाच्या काळाचा विचार केला आहे’ एवढें म्हणणें म्हणजे सारांश नव्हे. ‘या ताम्रपटावरून त्या राजाचा काळ दहा वर्षें मागें न्यावा लागतो’, हा सारांश होय. कारण तो खोडून काढतां येतो.

सारांश मग परीक्षकांकडे जातो. पुष्कळ ठिकाणीं लेखकाचें नांव त्यांच्यापासून गुप्त ठेवतात, म्हणजे मोठ्या नांवाचा दबाव पडत नाहीं व लहानाची उपेक्षा होत नाहीं. निबंध शेऱ्यांसह परत आला, तर त्यांत अपमान मानूं नये. जाणत्या माणसानें आपलें लिखाण लक्षपूर्वक वाचलें, हाच मोठा लाभ आहे.

प्रत्यक्ष वाचनासाठीं पुष्कळदां पंधरावीस मिनिटेंच मिळतात. मिनिटाला १२० शब्द धरले, तर सहा हजार शब्दांचा निबंध वाचण्यास ५० मिनिटें लागतील. म्हणून डोळ्यांसाठीं लिहिलेला निबंध जसाच्या तसा कानांवर ओतूं नये. पॅरिस येथें १९०० सालीं भरलेल्या गणितज्ञांच्या परिषदेंत डेव्हिड हिल्बर्ट यांनीं गणितांतील न सुटलेले प्रश्न मांडले. छापील निबंधांत ते २३ होते. व्यासपीठावरून त्यांनीं दहाच सांगितले. पुढें गणिती वर्षानुवर्षें त्या प्रश्नांच्या मागें लागले. काय गाळावें, हें ज्याला कळतें त्यालाच श्रोता मिळतो.

वाचनानंतर चर्चा होते. परिषदेचा प्राण तो हाच. निबंध छापूनही लोकांपुढें ठेवतां येतो. पण छापील कागद उलट प्रश्न विचारीत नाहीं. पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या पुढाकारानें १९१९ च्या नोव्हेंबरांत प्राच्यविद्या परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर अध्यक्ष होते. त्यामुळें निरनिराळ्या प्रांतांत विखुरलेल्या अभ्यासकांना समोरासमोर बसण्याची सोय झाली. एकट्यानें काम करणाऱ्यास आपली चूक सहसा दिसत नाहीं. शेजारच्या खुर्चीवरील माणसास ती चटकन दिसते. आक्षेप आल्यास तो लिहून घ्यावा, आणि उत्तर ठाऊक नसेल तर तसें सरळ सांगावें. त्यानें लाज जात नाहीं, उलट विश्वास वाढतो.

आतां एक इशारा. निबंधवाचनाचें प्रमाणपत्र नोकरीस वा बढतीस उपयोगी पडूं लागल्यापासून केवळ शुल्कासाठीं भरविलेल्या परिषदाही निघाल्या आहेत. सारांश पाठवितांच दुसऱ्या दिवशीं स्वीकृति येते, कोणाचा एकही शेरा नसतो, वाटेल तो विषय चालतो, आणि पत्रांत घाई असते ती पैसे भरण्याची. अशा वेळीं परीक्षक कोण, मागील अधिवेशनाचा वृत्तांत छापला गेला काय, हें आधीं विचारावें. चार प्रश्न विचारणारे लोक जेथें नाहींत, तेथील प्रमाणपत्र भिंतीवर शोभेल; ज्ञानांत त्यानें भर पडणार नाहीं.

निबंध परिषदेंत न्यावयाचा तो मिरविण्यासाठीं नव्हे, कसोटीला लावण्यासाठीं. ही दृष्टि घरच्या वडील माणसांनीं ठेवली, म्हणजे ‘टाळ्या किती पडल्या?’ असें न विचारतां ते ‘प्रश्न कोणते आले?’ असें मुलांना विचारतील.