डॉ. रिचर्ड ब्राइट आणि मूत्रपिंडाचे विकार

मनुष्याच्या पाठीकडील बाजूस, खालच्या बरगड्यांच्या आश्रयानें, मुठीएवढीं दोन मूत्रपिंडें असतात. रक्त गाळून त्यांतील निरुपयोगी द्रव्यें मूत्रावाटे बाहेर टाकणें हें त्यांचें मुख्य काम होय. दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर पाणी या चाळणींतून जातें. पैकीं बहुतेक सर्व पुन्हां रक्तांत घेतलें जाऊन दीड-दोन लिटर तेवढें बाहेर पडतें. या निमूटपणें चालणाऱ्या कामांत बिघाड झाला, तर तो पुष्कळदां उशिरां कळतो. तो ओळखावा कसा हें ज्यांनीं वैद्यांस दाखविलें, त्या डॉ. रिचर्ड ब्राइट यांच्या संशोधनाची ओळख आम्ही येथें वाचकांस करून देत आहों.

ब्राइट यांचा जन्म इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें १७८९ सालीं झाला. १८१३ सालीं एडिंबरो येथें त्यांनीं वैद्यकाची पदवी मिळविली व १८२० पासून ते लंडनच्या गायज् हॉस्पिटलांत काम पाहूं लागले. त्या काळीं अंगावर सूज येऊन रोगी दगावला, म्हणजे सूज हाच रोग असें बहुतेक वैद्य मानीत. अशा रोग्यांपैकीं कांहींच्या मूत्रांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखें द्रव्य असतें, हें ब्लॅकॉल नांवाच्या इंग्रज डॉक्टरानें १८१३ सालींच लिहिलें होतें. परंतु त्याचें मूळ मूत्रपिंडांत आहे, हें सिद्ध करणें राहिलें होतें.

ब्राइट यांची पद्धत अगदीं साधी होती. रोग्याचें थोडें मूत्र चमच्यांत घेऊन तें मेणबत्तीच्या ज्योतीवर धरीत. त्यांत आल्ब्युमिन असलें, तर उष्णतेनें तें गोठून मूत्र पांढुरकें होई. रोगी जिवंत असतां त्याचीं सर्व लक्षणें ते टिपून ठेवीत, आणि तो मरण पावल्यास शवविच्छेदन करून मूत्रपिंडांची स्थिति पाहत. रक्ताच्या व मूत्राच्या रासायनिक परीक्षेंत डॉ. जॉन बॉस्टॉक यांचें त्यांस साहाय्य झालें. अंगावरील सूज, मूत्रांतील आल्ब्युमिन व विकृत झालेलीं मूत्रपिंडें या तिहींचा संबंध त्यांनीं १८२७ सालच्या आपल्या ग्रंथांत रंगीत चित्रांसह मांडला. पुढें १८३६ सालीं त्यांनीं अशा १०० रोग्यांचें कोष्टकच प्रसिद्ध केलें. त्यांत पुष्कळांचें हृदयही वाढलेलें आढळलें. मूत्रपिंडांचा हृदयाशीं व रक्तदाबाशीं असलेला संबंध पुढील संशोधकांनीं शोधिला, त्याचें बीज येथेंच आहे. १८४२ सालीं तर हॉस्पिटलांतील दोन कक्ष केवळ अशाच रोग्यांच्या अभ्यासासाठीं राखून ठेवण्यांत आले.

या लेखनाचा परिणाम असा झाला कीं, मूत्रपिंडाच्या विकारास देशोदेशीं ‘ब्राइटचा रोग’ हें नांव पडलें. परंतु एक गोष्ट लपवितां येत नाहीं. ब्राइट यांस रोग ओळखतां आला, बरा करतां आला नाहीं. रक्त काढणें, रेचक देणें हे त्या वेळचे उपाय त्यांनींही केले, पण रोगी मरतच राहिले. मग एवढ्या परिश्रमांचा उपयोग काय, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, शत्रु कोठें लपला आहे हें कळल्यावांचून त्याच्याशीं लढतां येत नाहीं. ब्राइट १८५८ सालीं वारले. पुढें १९४३ सालीं हॉलंडांत डॉ. कोल्फ यांनीं कृत्रिम मूत्रपिंडाचें यंत्र रोग्यांवर वापरण्यास आरंभ केला, आणि १९५४ सालीं बोस्टन येथें एका जुळ्या भावाचें मूत्रपिंड दुसऱ्यास यशस्वीपणें बसविण्यांत आलें. ‘ब्राइटचा रोग’ हा एक रोग नसून अनेक रोगांचा समूह आहे असें ठरल्यामुळें तें नांवही मागें पडलें. मूत्रांतील आल्ब्युमिन तपासण्याची रीत मात्र आजही चालू आहे. चमच्याच्या जागीं कागदी पट्टी व यंत्रें आलीं, एवढाच फरक.

पालकांस एक विनंति. घसा दुखून किंवा अंगावर फोड येऊन गेल्यावर कांहीं दिवसांनीं मुलाचा चेहरा सुजला, लघवी थोडी किंवा तांबूस होऊं लागली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवितां डॉक्टरांस दाखवावें. मोठ्यांपैकीं ज्यांस मधुमेह किंवा रक्तदाब आहे, त्यांनीं वेळोवेळीं मूत्राची तपासणी करून घ्यावी.

विद्यार्थ्यांनीं ब्राइट यांच्यापासून एवढें घ्यावें कीं, ज्ञान मिळविण्यास मोठें साधन लागतेंच असें नाहीं. चमचा व मेणबत्ती पुष्कळांच्या घरीं होती. पाहिलेलें रोजच्या रोज खरेपणानें लिहून ठेवण्याचा नेम मात्र थोड्यांपाशीं होता.