अडलेला संगणक आणि चुकलेला दुभाष्या

बिदर जिल्ह्यातील राजेश्वर हे गाव पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत हा भाग हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. पण लोकांच्या तोंडची भाषा नकाशाबरोबर बदलली नाही. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दख्खनी उर्दू असा व्यवहार या सीमाभागात पुष्कळ ठिकाणी आढळतो. जमिनीचे जुने कागद काढले तर निजामाच्या अमदानीतील उर्दू अक्षर समोर येते. अशा मुलखात दोन भाषा जाणणाऱ्या माणसाला मोठा मान असतो. मात्र तोच दुभाष्या बोलताना अडखळला की ठरत आलेला सौदा फिसकटतो, आणि दोष लागतो तो बिचाऱ्या घेणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला!

संगणकाच्या बाबतीत नेमके हेच घडते. आज लहान गावांतही अर्ज, दाखले आणि उतारे संगणकावरूनच निघतात. कर्नाटकात जमिनीची पहाणी 'भूमी' योजनेखाली संगणकावर आली, त्याला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख आहे, दुकानासमोर मुलांची रांग लागली आहे, आणि अशा वेळी पडद्यावरचे चित्र आहे तेथेच थांबते. माऊस हलत नाही, कळा दाबून उपयोग होत नाही. संगणक हँग झाला! मग कोणी तरी जाणता म्हणतो, 'फॉरमॅट मारा'. दुसरा म्हणतो, 'जुना झाला, नवा घ्या.' पहिल्या सल्ल्याने साठवलेले कागद जाण्याचा धोका, दुसऱ्याने पाचपन्नास हजारांचा खड्डा. वस्तुतः पुष्कळदा या दोहोंचीही गरज नसते. यंत्र धडधाकट असते. बिघडलेला असतो तो आतला दुभाष्या.

हा दुभाष्या कोण, ते प्रथम पाहू. संगणकाचा पडदा म्हणजे असंख्य रंगीत ठिपक्यांची रांगोळी होय. सामान्य पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे मिळून २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात, आणि ही सारी रांगोळी सेकंदाला साठ वेळा नव्याने मांडली जाते. म्हणजे दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपके झाले! एवढे काम मुख्य प्रोसेसरने स्वतः करावयाचे ठरवले, तर त्याला दुसरे काही सुचणार नाही. म्हणून त्यासाठी वेगळा कारागीर नेमलेला असतो. त्याचे नाव ग्राफिक्स कार्ड. काही संगणकांत ते स्वतंत्र पाटीसारखे खोचलेले असते. स्वस्त संगणकांत आणि बहुतेक लॅपटॉपांत ते मुख्य प्रोसेसरच्याच पोटात सामावलेले असते.

आता विंडोज किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणाली आपल्या भाषेत हुकूम सोडते, आणि कार्ड निर्मात्याने ठरवलेली वेगळीच भाषा जाणते. दोघांमध्ये बसून हुकमाचे भाषांतर करणारा जो प्रोग्रॅम, त्याला ड्रायव्हर म्हणतात. प्रत्येक कंपनीच्या कार्डाचा ड्रायव्हर निराळा, आणि त्याच्या नव्या आवृत्त्या वारंवार निघत असतात. नव्या आवृत्तीत चूक राहिली, किंवा जुन्या ड्रायव्हराला कार्यप्रणालीची नवी भाषा उमगली नाही, की संभाषण तुटते.

येथे एक शंका येते. एक भाषांतर चुकले तर सगळे यंत्रच का थांबावे? त्याचे कारण ड्रायव्हरच्या बसण्याच्या जागेत आहे. पत्र टंकण्याचा प्रोग्रॅम बिघडला तर तो एकटाच बंद पडतो, कारण तो ओसरीवर बसलेला पाहुणा असतो. ड्रायव्हरचा महत्त्वाचा भाग मात्र थेट माजघरात, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यात काम करतो. तेथे झालेली चूक साऱ्या घराला भोवते. १९ जुलै २०२४ रोजी जगाने याचा मोठा अनुभव घेतला. एका सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या सदोष फायलीमुळे गाभ्यात काम करणारा तिचा ड्रायव्हर कोसळला आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. तो ड्रायव्हर ग्राफिक्सचा नव्हता, पण तत्त्व तेच होते. राजेश्वरावरून जाणारा रस्ता ज्या हैदराबादला पोचतो, तेथील विमानतळावर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. विमाने शाबूत होती, संगणकांचे भागही शाबूत होते. चुकली होती ती एक फाईल.

ग्राफिक्स ड्रायव्हरचा इतिहासही बोलका आहे. ऐंशीच्या दशकात संगणकाच्या पडद्यावर देवनागरी उमटवणे हीच एक मोठी अडचण होती. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सीडॅक संस्थेने वाढवलेले 'जिस्ट' तंत्र त्यासाठी वापरात आले. संगणकात एक कार्ड बसवायचे आणि मग भारतीय लिप्या पडद्यावर दिसायच्या. मराठी अक्षरालासुद्धा असा मध्यस्थ लागला होता. पुढे २००७ साली विंडोज व्हिस्टा आले, तेव्हा ड्रायव्हरांची रचनाच बदलली आणि जुने दुभाषे गडबडले. अमेरिकेतील एका खटल्यात २००८ साली मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत कागद उघड झाले. व्हिस्टा कोसळण्याच्या नोंदलेल्या प्रसंगांपैकी सुमारे २९ टक्के प्रसंग एनव्हिडिया या एकाच कंपनीच्या ड्रायव्हरांकडे बोट दाखवीत होते. ग्राहक मात्र आपला संगणकच वाईट निघाला असे समजत होते.

त्याच व्हिस्टापासून विंडोजमध्ये एक पहारेकरीही ठेवलेला आहे. कार्डाला काम सांगितले आणि दोन सेकंदांत उत्तर आले नाही, तर हा पहारेकरी ड्रायव्हरला नव्याने उभा करतो. पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा उजळतो. उभा करूनही तो सावरला नाही, किंवा एका मिनिटात पाचाहून अधिक वेळा असे घडले, तर पहारेकरी हात टेकतो. मग निळा पडदा येतो आणि त्यावर बहुधा 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' अशी अक्षरे असतात. ही अक्षरे पुसली जाण्यापूर्वी फोनने त्यांचे चित्र घेऊन ठेवावे. रोग्याच्या नाडीइतकेच त्यांना महत्त्व आहे.

आता प्रत्यक्ष उपाय क्रमाने पाहू. पडदा थांबला की घाईने वीज तोडू नये. प्रथम कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा लागतो की नाही ते पाहावे. दिवा लागत-विझत असेल तर संगणक आतून जागा आहे, केवळ चित्र अडले आहे, असे समजण्यास जागा आहे. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबाव्यात. विंडोज १० आणि ११ मध्ये यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा लुकलुकतो आणि अर्धवट भरलेला अर्ज पुष्कळदा जसाच्या तसा परत मिळतो. याने काम न झाल्यास कंट्रोल, आल्ट आणि डिलीट दाबून पाहावे. सारेच निष्फळ ठरले तरच वीज बटण दहाएक सेकंद दाबून धरावे.

संगणक पुन्हा सुरू झाला म्हणजे काम संपले असे मानू नये. आधी महत्त्वाचे कागद पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावेत, आणि मग चौकशीस लागावे. विंडोजमधील रिलायबिलिटी मॉनिटर उघडला असता कोणत्या दिवशी काय बिघडले याची रोजनिशीच वाचावयास मिळते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डिस्प्ले' या नावापुढे ४१०१ हा आकडा वारंवार दिसत असेल, तर ड्रायव्हर उत्तर देईनासा झाला होता हे निश्चित. त्याच सुमारास विंडोज अपडेट झाले होते काय, हेही पाहावे. कारण अपडेटबरोबर ड्रायव्हर आपोआप बदललेला असू शकतो.

खरी परीक्षा सेफ मोडमध्ये होते. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केले म्हणजे तेथे जाण्याचा मार्ग दिसतो. काही लॅपटॉपांवर तेव्हा बिटलॉकरची लांबलचक अंकसंख्या मागितली जाते. ती आधीच शोधून वहीत लिहून ठेवावी. सेफ मोडमध्ये कंपनीचा ड्रायव्हर बाजूला राहतो आणि विंडोजचा साधा, मोजकेच बोलणारा दुभाष्या काम पाहतो. तेथे यंत्र तासभर सुरळीत चालले आणि नेहमीच्या पद्धतीत पुन्हा अडले, तर संशय ड्रायव्हरवर बळावतो.

मग डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले अडॅप्टर्सखालील कार्डाच्या गुणधर्मांत जावे. 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण दाबता येत असेल तर जुना ड्रायव्हर परत येतो. बटण फिके दिसत असेल तर जुनी आवृत्ती शिल्लक नाही असे समजावे. तेव्हा असलेला ड्रायव्हर काढून टाकावा आणि कार्डाच्या किंवा लॅपटॉपच्या निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून योग्य आवृत्ती आणून बसवावी. नवीन ते सर्वांत चांगले, असा नियम येथे नाही. जुन्या यंत्राला थोडी जुनी आवृत्तीच अनेकदा मानवते. केवळ ब्राउझरमध्ये काम करतानाच पडदा अडत असेल, तर ब्राउझरच्या सेटिंगमधील हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून पाहावे. लिनक्स वापरणाऱ्यांचा पडदा सुरुवातीलाच काळा राहिला, तर प्रारंभीच्या ओळीत 'नोमोडसेट' हा शब्द जोडून संगणक चालू करता येतो आणि मग ड्रायव्हर दुरुस्त करता येतो.

तथापि प्रत्येक वेळी दुभाष्यालाच फटके मारणे न्यायाचे नव्हे. ड्रायव्हर बदलूनही, आणि सेफ मोडमध्येही, यंत्र अडत असेल तर दृष्टी यंत्राकडे वळवावी. या मुलखात उन्हाळा कडक आणि महामार्गाच्या कडेला धूळ पुष्कळ. पंख्यात धूळ साचली की कार्ड तापते, आणि तापलेले कार्ड उत्तर देण्यास उशीर करते. वीज तोडून मऊ ब्रशाने धूळ काढावी, कार्ड खोबणीत नीट बसले आहे काय ते पाहावे. कमी-जास्त होणारा विजेचा दाब, दुबळा झालेला पॉवर सप्लाय आणि सदोष रॅम यांचीही लक्षणे बाहेरून अशीच दिसतात. रॅमच्या तपासणीसाठी विंडोजमध्येच मेमरी डायग्नॉस्टिक हे साधन आहे.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. 'तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्षणात अद्ययावत करू' असे सांगणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर मुबलक आहेत. त्यांपैकी काही निरुपयोगी, तर काही घातकच असतात. तसेच फोनवरून 'तुमचा संगणक बिघडला आहे, आमच्या हाती द्या' असे म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला संगणकाचा ताबा कदापि देऊ नये. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, म्हणून जुन्या यंत्रांच्या मालकांनी नवा ड्रायव्हर आपल्या आवृत्तीसाठी आहे काय हे विशेष पाहून घ्यावे.

फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. वर सांगितलेल्या तपासणीला एक-दोन तास लागतात आणि पदरचे काही खर्च होत नाही. दुकानदाराने ती करून पाहिली, तर शिष्यवृत्तीच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाचा अर्ज कदाचित त्याच दिवशी पोचेल. आणि प्रत्येक दुकानात संगणकाशेजारी एक वही असावी. संगणक कधी अडला, पडद्यावर काय अक्षरे आली, त्याआधी काय बदलले होते, एवढे तीत लिहावे. दुरुस्त करणाऱ्याच्या हाती ती वही दिली, तर त्याचे निम्मे काम तेथेच होते.