बाँडची गाडी कोण हाकतो?



जेम्स बाँडचा विषय निघाला की आपल्या मंडळींत लगेच तट पडतात. बाबा लोक शॉन कॉनरीच्या नाहीतर रॉजर मूरच्या बाजूने, मुले डॅनियल क्रेगच्या बाजूने. आयांपैकी काहींना पिअर्स ब्रॉस्नन आवडतो, पण त्या ते मोठ्याने सांगत नाहीत! वाद तासभर रंगतो आणि त्यात एका माणसाचे नावसुद्धा निघत नाही. तो माणूस म्हणजे दिग्दर्शक. या अंकात आम्ही त्याच्याविषयी लिहायचे ठरवले आहे.

बाँडच्या मुख्य मालिकेत १९६२ ते २०२१ या काळात २५ चित्रपट निघाले. ते १२ दिग्दर्शकांनी केले. हिशेब असा:

जॉन ग्लेन – ५
गाय हॅमिल्टन – ४
टेरेन्स यंग – ३
लुईस गिल्बर्ट – ३
मार्टिन कॅम्पबेल – २
सॅम मेंडिस – २
पीटर हंट, रॉजर स्पॉटिसवुड, मायकेल ॲप्टेड, ली तामाहोरी, मार्क फॉर्स्टर, कॅरी फुकुनागा – प्रत्येकी १

बेरीज करून पाहा, बरोबर २५ येते.

दिग्दर्शक करतो तरी काय?

गोष्ट लेखक लिहितो, पैसे निर्माता घालतो, कॅमेरा छायालेखक चालवतो, काम नट करतात. मग दिग्दर्शकाला काय उरले? त्याला उरते ती निवड. कॅमेरा कुठे ठेवायचा, प्रसंग किती वेळ चालवायचा, संगीत कुठे थांबवायचे, प्रेक्षकाला कुठे घाबरवायचे आणि कुठे हसवायचे, हे सगळे तो ठरवतो. आजीची आमटी आणि मावशीची आमटी यांत डाळ तीच, चिंच-गूळ तोच, पण पहिल्या घासाला कळते कोणी केली आहे. त्याला आपण हाताची चव म्हणतो. दिग्दर्शन म्हणजे चित्रपटातली हाताची चव.

ही चव ओळखायला बाँडची मालिका फार सोयीची आहे. आम्ही पोटापाण्यासाठी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो. प्रोग्रॅम बिघडला की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहतो, बाकीचे सगळे तसेच ठेवतो. बाँडच्या चित्रपटांत बरेचसे तसेच असते: तोच नायक, तीच धून, तोच काळा सूट, जग बुडवायला निघालेला कोणीतरी खलनायक. निर्मात्यांचे घराणेही अनेक वर्षे एकच, ब्रॉकोली यांचे. त्यामुळे दिग्दर्शक बदलला की काय बदलते ते चटकन दिसते.

आणखी सोय म्हणजे या मालिकेत आगगाडी पुन्हा पुन्हा येते. तेव्हा आपण फक्त आगगाडीचे प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहू.

डब्यात दोन माणसे

पहिली गाडी १९६३ सालची, 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मधली. दिग्दर्शक टेरेन्स यंग. १९६२ च्या पहिल्या चित्रपटात कॉनरीला बाँड घडवला तो यांनीच. कॉनरी एडिनबरोचा, एके काळी घरोघर दूध टाकणारा. यंग यांनी त्याला आपल्या शिंप्याकडे नेले, कपडे कसे घालायचे, हॉटेलात कसे वागायचे ते शिकवले.

त्यांच्या आगगाडीत आधी जेवण होते. सोबतचा माणूस माशाबरोबर लाल वाइन मागवतो. पानावरचे असे रीतीला सोडून वागणे बाँडच्या नजरेत भरायला हवे होते, पण त्याचा अर्थ त्याला उशिरा कळतो. मग एका छोट्या डब्यात बाँड गुडघ्यांवर आणि समोर पिस्तूल रोखलेला शत्रू. दोघे बराच वेळ नुसते बोलतात. शेवटी मारामारी सुरू होते, दिवा फुटतो, निळसर अंधारात दोघे झुंजतात, आणि संगीत पूर्ण बंद. ऐकू येतात ते फक्त धक्के, श्वास आणि चाकांचा खडखडाट. इथे बाँड मरेल अशी खरीच भीती वाटते. संकलक, म्हणजे चित्रपटाचे तुकडे जोडणारा, होता पीटर हंट. पुढे १९६९ साली तो स्वतःच बाँडचा दिग्दर्शक झाला.

दुसरी गाडी १९७३ ची, 'लिव्ह अँड लेट डाय'. दिग्दर्शक गाय हॅमिल्टन. १९६४ च्या 'गोल्डफिंगर'मध्ये उडणाऱ्या सीटची ॲस्टन मार्टिन गाडी आणून ज्यांनी मालिकेत गंमत मिसळली, तेच हे. यांच्या डब्यात शत्रूचा एक हात लोखंडी आहे. बाँड त्या हाताच्या तारा कापतो, हात खिडकीला अडकून बसतो आणि हाताचा मालक खिडकीबाहेर जातो. बाँडची मैत्रीण मात्र भिंतीत मिटलेल्या बिछान्यात अडकलेली, तिला बाहेर काय झाले याचा पत्ताच नाही! डबा तसाच आहे आणि मारामारी तशीच, पण आता आपण घाबरत नाही, हसतो.

तिसरी गाडी १९७७ ची, 'द स्पाय हू लव्ह्ड मी'. दिग्दर्शक लुईस गिल्बर्ट. यांना सगळे अवाढव्य लागते. १९६७ च्या चित्रपटात त्यांचे मोठे अंतराळयान लहान यानाला गिळते, तर १९७७ च्या चित्रपटात मोठे तेलवाहू जहाज पाणबुड्या गिळते. त्या जहाजाच्या सेटसाठी लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत एक प्रचंड नवे दालन बांधावे लागले. आगगाडीतला शत्रूही तसाच राक्षसी आहे, पोलादी दातांचा 'जॉज'. बाँड फुटलेल्या दिव्याची वीज त्याच्या दातांना लावतो आणि त्याला खिडकीतून बाहेर फेकतो. आणि जॉज काय करतो? उठतो, कपडे झटकतो आणि चालू लागतो. यंग यांच्या गाडीत माणसे मरत होती. गिल्बर्ट यांची गाडी म्हणजे मुलांची परीकथा.

चौथी गाडी २०१५ ची, 'स्पेक्टर'. दिग्दर्शक सॅम मेंडिस. मोरोक्कोचे वाळवंट, जेवणाचा डबा, पांढरा कोट घातलेला बाँड, आणि जवळजवळ मुका असा दांडगा शत्रू. त्यांना १९६३ ची गाडी चांगली आठवत होती हे उघड दिसते. पण इथे बाँड सपाटून मार खातो आणि मैत्रीण आत अडकून राहत नाही, मदतीला येते. १९७३ आणि २०१५ या दोन चित्रपटांतली मैत्रीण नुसती शेजारी ठेवून पाहा, ४२ वर्षांत काय बदलले ते कळेल.

टपावर, टेबलावर आणि फलाटावर

जॉन ग्लेन यांनी १९८१ ते १९८९ या काळात ओळीने पाच चित्रपट केले. ते आधी संकलक होते आणि 'सेकंड युनिट' सांभाळत. मुख्य दिग्दर्शक नटांबरोबर गुंतलेला असताना उड्या, पाठलाग, अपघात यांचे चित्रीकरण करणारी वेगळी तुकडी म्हणजे सेकंड युनिट. १९७७ च्या चित्रपटात सुरुवातीला बर्फाळ कड्यावरून स्कीवर झेप घेऊन छत्री उघडते ना? चित्रपट गिल्बर्ट यांचा, पण कॅनडातल्या त्या डोंगरावर जाऊन झेप टिपली ग्लेन यांच्या तुकडीने. तेव्हा सगळे श्रेय नेहमी एकालाच द्यायचे नसते.

ग्लेन यांची आगगाडी 'ऑक्टोपसी'मध्ये आहे, १९८३ सालची. मारामारी गाडीच्या टपावर होते आणि समोर आपला कबीर बेदी! उड्या मारणारी माणसे खरी आणि गाडीही खरी. या प्रसंगाच्या चित्रीकरणात मार्टिन ग्रेस हा बाँडच्या जागी काम करणारा साहसपटू गंभीर जखमी झाला. पडद्यावर मजा दिसते, तिची किंमत कोणीतरी मोजलेली असते.

मार्टिन कॅम्पबेल न्यूझीलंडचे. नवा नट आणायचा झाला की निर्मात्यांनी दोनदा यांनाच बोलावले, १९९५ मध्ये ब्रॉस्ननसाठी आणि २००६ मध्ये क्रेगसाठी. 'कॅसिनो रॉयाल'मधल्या त्यांच्या गाडीत एक ठोसाही नाही. बाँड आणि व्हेस्पर टेबलाशी समोरासमोर बसून कपड्यांवरून, बोलण्यावरून एकमेकांचे पूर्वायुष्य ओळखतात. ही लढाईच आहे, फक्त शब्दांची, आणि बाँड ती सहज जिंकत नाही.

मेंडिस यांची आणखी एक गाडी २०१२ च्या 'स्कायफॉल'मध्ये आहे. तुर्कस्तानात बाँड टपावर झुंजतो, सहकारी मुलगी लांबून नेम धरते, आणि लंडनच्या कचेरीतून वरिष्ठ बाई, एम, गोळी झाडायचा हुकूम देतात. गोळी बाँडलाच लागते. मेंडिस नाटकाच्या रंगभूमीवरून आलेले. त्यांना उडीपेक्षा हुकूम देणाऱ्या बाईंच्या मनात काय चालले आहे ते महत्त्वाचे वाटते. शंभर कोटी डॉलरच्या वर कमाई करणारा हा पहिला बाँडपट.

कॅरी फुकुनागा यांच्या २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'मध्ये तर गाडी नुसती सुटते. मादलेन डब्यात आणि बाँड फलाटावर. कोणी कोणाला मारत नाही, तरी मार लागतो. शेवट आम्ही सांगणार नाही, ज्यांनी पाहिला नाही त्यांचा रसभंग नको.

आपण पडद्यावर कसे दिसतो?

आता पुन्हा 'ऑक्टोपसी'कडे येऊ, कारण त्याचा अर्धा भाग उदयपूरला घडतो. सरोवर, राजवाडा, रिक्षांचा पाठलाग, आपले टेनिसपटू विजय अमृतराज, हे सगळे पाहून पालकांना अभिमान वाटतो. पण त्याच पाठलागात खिळ्यांचा बिछाना येतो, तलवार गिळणारा येतो, पेटते निखारे येतात. बाँड एका हिंदी साथीदाराच्या हातात पैसे ठेवतो आणि करीवरून विनोद करतो. तो विनोद लेखकांनी लिहिला असेल, पण तो ठेवायचा की काढायचा हे दिग्दर्शकाच्या हातात होते.

उदयपुरात १९८३ सालीही शाळा होत्या, बँका होत्या, सकाळी सायकलवरून कामाला जाणारी माणसे होती. कॅमेरा तिकडे वळला नाही. असे फक्त आपल्याच बाबतीत झाले असेही नाही. १९६७ च्या चित्रपटात कॉनरीला रंगरंगोटी करून जपानी माणूस बनवले आहे, ते पाहून जपानी मुलांना काय वाटत असेल?

हे आम्ही का लिहितो? आपल्या मुलांच्या वर्गातली मुलेही हेच चित्रपट टीव्हीवर पाहतात. उद्या कोणी विचारले, "तुमच्याकडे रस्त्यावर निखाऱ्यांवरून चालतात का?" तर लाजू नका आणि भांडूही नका. सांगा, की ते उदयपूर एका दिग्दर्शकाने निवडलेले आहे, त्याने काय दाखवले आणि काय गाळले ते मी तुला सांगतो. ज्याला निवड दिसते, त्याला पडदा फसवू शकत नाही. आणि हा नियम हिंदी-मराठी चित्रपटांनाही लावायचा बरे का! आपल्या पडद्यावर गोरा साहेब आणि मद्रासी शेजारी कसे दिसतात, तेही याच नजरेने पाहायचे.

सुट्टीतला उद्योग

१. वर सांगितलेल्यांपैकी दोन गाड्यांचे प्रसंग निवडा. यंग, हॅमिल्टन, गिल्बर्ट आणि ग्लेन यांचे हे आगगाडीवाले चित्रपट इथे ब्रिटनमध्ये 'पीजी' आहेत, क्रेगचे '१२-ए'. लहान मुलांबरोबर पालकांनी बसावे.

२. पहिली दोन मिनिटे आवाज बंद ठेवून पाहा. चित्र बदलले की कागदावर एक रेघ ओढा. कोणाच्या रेघा जास्त?

३. तोच प्रसंग आवाजासह पाहा. संगीत कुठे सुरू होते, कुठे थांबते?

४. दिग्दर्शक तुम्हाला कोणाकडे पाहून हसवतो आहे? तुम्ही दिग्दर्शक असता तर काय बदलले असते?

उत्तरे मराठीत दहा वाक्यांत लिहून बाईंकडे द्या. आम्ही ती पुढच्या अंकात छापू. आणि घाई करा, कारण पुढच्या बाँडसाठी जून २०२५ मध्ये डेनी व्हिलनव्ह या कॅनडाच्या दिग्दर्शकाचे नाव जाहीर झाले आहे. त्यांच्या चित्रपटात आगगाडी आली, तर आपल्याला ती कोणाच्या शेजारी ठेवायची ते ठाऊक हवे!