पॅनेलचे दिवे काय सांगतात?

धुळ्याचा यंत्रमाग असो की जळगावची डाळ मिल, मोटार जळाली की रिवाइंडिंगचा खर्च होतो आणि दिवसाची मजुरीही बुडते. पॅनेलवरील लाल, पिवळा, निळा हे दिवे म्हणजे तीन फेज. एक दिवा विझून मोटार घुमू लागली, तर ती ताबडतोब बंद करा. उरलेल्या दोन फेजवर जादा करंट येऊन वाइंडिंग जळते. मग वायरमनकडून फ्यूज व व्होल्टेज तपासून घ्या; कधी नुसता दिवाच गेलेला असतो. मात्र तिन्ही दिवे लागले तरी गाफील राहू नका. दिवे येणाऱ्या लाइनवर असतील, तर स्टार्टरचा जळालेला पॉइंट ते दाखवत नाहीत. ओव्हरलोड ट्रिप झाल्यास कारण शोधल्याशिवाय रिसेट दाबू नये. कारागीर बांधवांनी सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवून घेणे हिताचे.