हेकरू मासा व बियाण्याची राखण

शेतकऱ्यांच्या मासिकांत माशाची हकीकत कशाला, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. परंतु बियाण्यावर हात पडला असतां काय होतें, हें या माशाच्या चरित्रांत स्पष्ट दिसतें. म्हणून तें आम्ही येथें देत आहों.

कोंकण किनाऱ्यावर ज्यांस हेकरू अथवा गोब्रा म्हणतात, त्यांचाच एक भाईबंद कॅरिबियन समुद्रांत राहतो. बहामा बेटांतील नासाऊ शहराचें नांव त्यास पडलें आहे. प्रवाळाच्या खडकांतील कपार हें त्याचें घर. तेथें तो एकटाच असतो. खेकडा अगर लहान मासा जवळ आला, कीं एकदम जबडा उघडून पाण्यासह त्यास आंत ओढून घेतो. तो चार फुटांपर्यंत वाढूं शकतो. मात्र वयांत येण्यास त्यास चार वर्षें किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

असा हा एकलकोंडा प्राणी हिवाळ्यांतील पौर्णिमेच्या सुमारास घर सोडून, कित्येक कोस पोहून, ठराविक जागीं जमतो. तेथें हजारों नर-माद्या सूर्यास्ताच्या वेळीं अंडीं व रेत पाण्यांत सोडतात. वर्षाची सारी पेरणी या थोड्या दिवसांत उरकते.

हीच जत्रा त्याच्या नाशास कारण झाली. जागा व तिथि ठरलेली असल्यामुळें कोळ्यांस थोड्या श्रमांत मोठी लूट मिळे. लिटल केमन बेटापाशीं २००१ सालीं सुमारें ७,००० माशांचा मेळावा आढळला. दोन हंगामांत त्यांतील सुमारें ४,००० मारले गेले. तेव्हां २००३ सालीं तेथील सरकारनें अशा जागीं मासेमारी बंद केली. प्रथम कित्येक वर्षें फारसा गुण दिसला नाहीं. तरीही बंदी उठविली नाहीं. पुढें नवी पिढी वयांत आली, आणि २०१८ पर्यंत संख्या पुन्हां ७,००० च्या आसपास पोंचली. जेथें अशी राखण वेळेवर झाली नाहीं, तेथील कित्येक मेळावे कायमचे मोडले.

आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यांत यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते, तिच्या मुळाशींही हाच विचार आहे. तिला कोणीं निव्वळ सरकारी जाच समजूं नये. अडचणीच्या सालीं कणगींतील बियाण्याकडे हात जातोच. पण खाल्लेलें धान्य एकदां पोट भरतें. राखलेलें घर उभें करतें, मात्र त्यास अवधि द्यावा लागतो.