नेत्रकर्करोग आणि रक्तप्रवाहातील अर्बुदपेशी : एक विवेचन

प्रस्तावना :
प्रौढांच्या नेत्रगोलात उद्भवणाऱ्या प्राथमिक कर्करोगांत युव्हियाचा मेलॅनोमा हा सर्वाधिक आढळतो. परितारिका, रोमक पिंड व रंजितपटल यांतील रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींपासून त्याचा आरंभ होतो. डोळ्यावरील उपचार बहुधा यशस्वी ठरतात. तथापि सुमारे निम्म्या रुग्णांत हा रोग पुढे अन्यत्र, प्रामुख्याने यकृतात, प्रकट होतो. मूळ अर्बुद नष्ट झाल्यावरही असे का घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रसाराचा मार्ग :
हा रोग मुख्यतः रक्तावाटे पसरतो. १८६९ साली ऑस्ट्रेलियात थॉमस अ‍ॅशवर्थ यांनी कर्करोगाने मृत्यू पावलेल्या व्यक्तीच्या रक्तात अर्बुदातील पेशींसारख्याच पेशी आढळल्याची नोंद केली होती. १९७८ मध्ये अमेरिकेतील झिमरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, डोळा काढण्याच्या शस्त्रक्रियेमुळेच पेशी रक्तात पसरत असाव्यात काय, अशी शंका उपस्थित केली. पुढे अमेरिका व कॅनडात झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासाचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यम आकाराच्या अर्बुदांत डोळा काढलेल्या रुग्णांपैकी ८१ टक्के, तर किरणोत्सारी आयोडीनने उपचार केलेल्यांपैकी ८२ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. म्हणजेच डोळा काढल्याने आयुष्य घटले नाही, तसे वाढलेही नाही. अनेक रुग्णांत पेशी उपचारापूर्वीच डोळ्याबाहेर पडलेल्या असाव्यात, या मतास यातून पुष्टी मिळते.

पेशींचा शोध :
एक मिलिलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी असतात. अर्बुदपेशी असल्याच तर बोटांवर मोजण्याइतक्या. अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळालेल्या सेलसर्च पद्धतीत चुंबकीय कणांना जोडलेली प्रतिपिंडे एपकॅम हे प्रथिन ओळखून पेशी वेगळ्या करतात. परंतु मेलॅनोमाच्या पेशींवर हे प्रथिन सहसा नसते. त्यामुळे येथे सीडी १४६ सारख्या अन्य खुणांचा आधार घ्यावा लागतो. खूण चुकीची निवडल्यास रक्तात पेशी असूनही अहवाल निर्दोष येईल, हे लक्षात घेतले पाहिजे.

निष्कर्षांची मर्यादा :
रक्तात पेशी सापडणे म्हणजे यकृतात रोग रुजणे नव्हे. रक्तात उतरलेल्या बहुतेक पेशी नष्ट होतात; काही दीर्घकाळ सुप्त राहतात. उलटपक्षी, एका नमुन्यात पेशी न आढळल्याने धोका टळला असेही म्हणता येत नाही. म्हणून रुग्णाचा धोका ठरविताना अर्बुदाचा आकार, तिसऱ्या गुणसूत्राचा लोप व बीएपी १ या जनुकातील बिघाड यांना आजही अधिक महत्त्व आहे, आणि यकृताच्या नियमित तपासणीस पर्याय नाही.

समारोप :
रक्ततपासणीचे खरे मूल्य केवळ पेशींच्या संख्येत नसून, पकडलेल्या पेशीच्या जनुकीय परीक्षणात आहे. सुप्त पेशी व रुजणारी पेशी यांतील भेद वेळीच ओळखता आला, तर यकृतातील रोग दिसू लागण्यापूर्वीच उपचाराची दिशा ठरविणे शक्य होईल.